एकादशी कोणाची मोडली?



तुमच्या घरातही भिंतीवर दिनदर्शिका असेल. तिच्यात काही महिन्यांत लागोपाठच्या दोन चौकटींत एकादशी छापलेली दिसते. पहिल्या चौकटीत 'स्मार्त एकादशी', दुसरीत 'भागवत एकादशी'. आपण वारकरी भागवत एकादशी धरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते बारीक अक्षर सगळ्यांनाच वाचता येते असे नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या गावात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. तरुणपणी गळ्यात माळ घातली तेव्हापासून त्यांची एकादशी चुकलेली नाही. त्या महिन्यात नातीने भिंतीवर पाहून सांगितले, "आजी, उद्या एकादशी." पोरीने पहिली चौकट वाचली होती. आजींनी उपवास केला, रात्री हरिपाठ म्हटला, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे म्हणून भाकरी खाल्ली. संध्याकाळी देवळात भजनाला आल्या तर सगळे उपाशी. मी पंचांग पाहणारा माणूस. त्यांनी मला विचारले, "मास्तर, माझी एकादशी मोडली का वो?" मी दहा माणसांसमोर म्हणालो, "मोडलीच की. दशमीविद्धा धरलीत तुम्ही." मला नियम ठाऊक होता आणि तो ठाऊक असल्याचा मला आनंदही होता. आजी काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांच्या मुलाकडून कळले की त्या घटनेनंतर त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. तो आज तुमच्यासमोर ठेवतो. एकादशी म्हणजे नेमके काय? ती आकाशात असते, पंचांगात असते की आपल्यात? आणि ती मोडते तेव्हा काय मोडते?

आधी आकाशाकडे पाहू. आपला काळ तीन फेऱ्यांवर मोजला जातो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्याचा दिवस होतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो, त्याचा महिना होतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्याचे वर्ष होते. ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस आणि जवळजवळ ६ तासांचे. गंमत अशी की या तीन फेऱ्या एकमेकींत पूर्ण भागात बसत नाहीत. बारा चांद्र महिने मिळून ३५४ दिवस होतात. वर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडतात.

हे ११ दिवस दरवर्षी सोडून दिले असते तर आषाढी दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकत सरकत उन्हाळ्यात, मग थंडीत गेली असती आणि सुमारे ३३ वर्षांनी सगळे ऋतू फिरून परत आली असती. पेरणी आटोपून वारीला निघायचे, हा कुणब्याचा मेळ राहिला नसता. म्हणून आपल्या पूर्वजांनी अधिक महिना घातला. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एकाही नव्या राशीत प्रवेश करत नाही, तो अधिक. सूर्य रास बदलतो म्हणजे खरे तर पृथ्वी आपल्या वाटेवर पुढे सरकते आणि तिच्यावरून पाहणाऱ्याला सूर्याच्या मागची रास बदललेली दिसते. साधारण ३२-३३ महिन्यांनी असा महिना येतो. आपण त्याला पुरुषोत्तम मास म्हणतो, धोंडा म्हणतो, जावयाला अनारसे वाढतो. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती. त्याच वर्षी पुढे अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ ची आषाढी १७ जुलैला गेली. २०२५ ला ती ६ जुलैवर आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २५ जुलैला आहे. म्हणजे आषाढी मागे सरकते आणि परत जागेवर आणली जाते. ऋतूपासून ती सुटत नाही.

आपलेच पंचांग असे डागडुजीचे आहे असे समजू नका. इंग्रजी दिनदर्शिकेचीही तीच कथा. साचलेली चूक दुरुस्त करण्यासाठी १५८२ साली रोमच्या पोपने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरायला लावला. मधले दहा दिवस कोणाच्या आयुष्यात आलेच नाहीत. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला. पृथ्वी मात्र त्या रात्रीही नेहमीसारखीच एक फेरा फिरली.

आता एकादशी. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. अमावास्येला अंतर शून्य असते. १२० अंशांवर शुक्ल एकादशी लागते आणि १३२ अंशांवर संपते. चंद्राची वाट लंबगोल आहे, पृथ्वीचीही आहे, त्यामुळे दोघांचा वेग कमीजास्त होतो. म्हणून तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, कधी २६ तासांहून जास्त चालते. ती रात्री लागेल, दुपारी लागेल, तिला घड्याळाचे बंधन नाही. पण आपण जेवतो, झोपतो, उपवास करतो ते दिवसाच्या हिशोबाने. चंद्राच्या तिथीला पृथ्वीच्या दिवसाशी कुठेतरी बांधावे लागते. तो खुंटा म्हणजे सूर्योदय. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची.

भागवत धर्माने हा खुंटा थोडा अलीकडे रोवला. सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका म्हणजे अरुणोदय. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे चार घटकांची ९६ मिनिटे झाली. अरुणोदयाला दशमी शिल्लक असेल तर तो दिवस आपण एकादशीचा धरत नाही, पुढचा धरतो. समजा, सूर्य सहाला उगवतो आणि दशमी पाच वाजून दहा मिनिटांनी संपते. सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून स्मार्तांचा उपवास त्या दिवशी. पण अरुणोदय ४ वाजून २४ मिनिटांनी झाला, तेव्हा दशमी होती, म्हणून आपला उपवास दुसऱ्या दिवशी. दोन एकादश्यांमधले सगळे अंतर त्या ४६ मिनिटांचे. तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती साडेअकरा अंश वळते आणि चंद्र सूर्यापासून अर्धा अंशही पुढे जात नाही. आजींचे दोन दिवसांचे अन्न असल्याच एका फरकावर सुटले होते.

आणखी एक पाहा. सूर्योदय सगळीकडे एकाच वेळी होत नाही. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे. पंढरपूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून २९ मिनिटे झालेली असतात. आता आपली मुले परदेशात आहेत. समजा, आपल्याकडे रविवारी सकाळी दहाला एकादशी लागली आणि सोमवारी सकाळी नऊला संपली. पंढरीत एकादशी सोमवारची. त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्याचे घड्याळ साडेनऊ तास मागे. तिथे एकादशी शनिवारच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला लागली आणि रविवारी रात्री साडेअकराला संपली. तिथला सूर्योदय रविवारचा, म्हणून तिथली एकादशी रविवारची. आई सोमवारी उपवास करते, मुलगा रविवारी. चंद्र एक, तिथी एक, आणि दोघेही नियमाने बरोबर. मग यातली खोटी कोणाची?

इथे तुम्ही म्हणाल, "मास्तर, मग हे सगळे माणसाचे ठरवणेच झाले. एकादशीला काही अर्थ उरला का?" उरला. पण नीट निवडून पाहिले पाहिजे. सूर्य-चंद्रातले अंतर माणसाने ठरवलेले नाही. पृथ्वीचे वळणेही माणसाने ठरवलेले नाही. माणसाने ठरवली ती गाठ, कोणती तिथी कोणत्या दिवसाला बांधायची तेवढी. ती गाठ पिढ्यान्‌पिढ्या विचार करून मारलेली आहे, तिचा मान राखायचा. पण गाठीलाच देव समजायचे नाही.

दुसरा एक विचार याच्याही पुढचा आहे. हरिपाठात ज्ञानदेवांनी नाम घ्यायला काळवेळ लागत नाही असे सांगितले आहे. आपण ते रोज म्हणतो. मग ज्या संप्रदायात नामाला वेळ नाही, त्याच संप्रदायात एकादशीला इतकी काटेकोर वेळ का? मला याचे उत्तर वाटेवर सापडले. नाम एकट्याने घेता येते. वारी एकट्याची नसते. आळंदीहून, देहूहून, पैठणहून, त्र्यंबकहून पालख्या निघतात. कोणाची वाट लांब, कोणाची जवळ. कोणी कोणाला निमंत्रण पाठवत नाही. तरी सगळ्यांना एकाच दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात पोचायचे असते. वाचता न येणाऱ्यालाही दिसेल असे एकच घड्याळ पूर्वी होते, ते म्हणजे चंद्र. चंद्र पाहून माणसे निघत. देवाला भेटायला वेळ लागत नाही, पण एकमेकांना भेटायला ठरलेली वेळ लागते. तिथी ही लाखो माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. म्हणून आपण वेळ नुसती मोजत नाही. मराठीत आपण वेळ 'पाळतो', जसा शब्द पाळतो, जसा नेम पाळतो.

हे खरे असेल तर वेळ पाळण्याचे मर्म शेजाऱ्याशी नाते राखण्यात आहे. २०२३ ची आषाढी २९ जूनला होती, त्याच दिवशी बकरी ईद होती. हा निव्वळ योगायोग नव्हे. मुस्लिम पंचांगही चंद्रावर चालते आणि ईद महिन्याच्या दहाव्या दिवशी असते. चंद्रदर्शनापासूनचा दहावा दिवस आणि आपली शुक्ल एकादशी जवळपासच येतात. त्यांच्याकडे अधिक महिना नाही, म्हणून त्यांचे सण वर्षभरात सगळीकडे फिरतात आणि कधीतरी आपल्या आषाढीला येऊन भेटतात. २०२५ ला मोहरमचा दहावा दिवस असाच आषाढीला आला. २०२३ मध्ये महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती दुसऱ्या दिवशी करायचे ठरवले. त्यांच्या धर्मात कुर्बानीला पुढचे दिवसही चालतात. त्या सवलतीचा उपयोग त्यांनी शेजाऱ्याच्या उपवासासाठी केला. वेळेचा इतका चांगला उपयोग मी पंचांगात वाचलेला नाही.

आता उलट बाजूने कोणी विचारील, "दिवसाला चिकटून राहायचे नसेल तर सवडीने केव्हाही उपवास केला तर चालेल?" नाही, माउली. चुकणे वेगळे आणि टाळणे वेगळे. वाट चुकलेला माणूस पंढरीकडेच चाललेला असतो. जो घरी बसून "विठ्ठल सगळीकडेच आहे" म्हणतो, तो चुकलेला नसतो, तो निघालेलाच नसतो. आजी निघाल्या होत्या. त्यांचा दिवस चुकला, नेम चुकला नव्हता. मी त्या दोन गोष्टी एकच समजलो, ही माझी चूक.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात माउलींनी कर्मातले अकर्म समजावताना दोन दाखले दिले आहेत. नावेत बसून वेगाने जाणाऱ्याला काठावरची झाडे पळताना दिसतात, आणि उदय-अस्तामुळे न चालणारा सूर्य चाललेला वाटतो. आर्यभटानेही पृथ्वीचे फिरणे सांगताना नावेचाच दाखला दिला होता. माउलींना तिथे खगोल शिकवायचा नव्हता, हे ध्यानात ठेवू. त्यांना सांगायचे होते की आपण ज्यावर बसलो आहोत त्याची गती आपल्याला दिसत नाही, आणि आपण ती दुसऱ्यावर लादतो. मी आजींना बोललो तेव्हा मीही असाच एका नावेत बसलो होतो. माझ्या नावेचे नाव होते जाणतेपण. त्या नावेतून पाहताना आजी हललेल्या दिसल्या.

आणि पृथ्वी तरी किती काटेकोर आहे? आळंदी ते पंढरपूर आपण सुमारे २५० किलोमीटर चालतो. तेवढ्या दिवसांत पृथ्वी आपल्याला घेऊन सूर्याभोवती ५ कोटी किलोमीटर जाते, धक्काही लागू देत नाही. पण तिचे स्वतःभोवतीचे फिरणे हळूहळू मंदावते आहे. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, त्या भरतीच्या ओढीने पृथ्वीचा दिवस शंभर वर्षांत सेकंदाच्या हजाराव्या भागाने, फार तर दोन भागांनी लांबतो. शास्त्रज्ञांची अणुघड्याळे पृथ्वीपेक्षा नेमकी निघाली, तेव्हा घड्याळ आणि पृथ्वी यांचा मेळ घालायला १९७२ पासून २०१६ पर्यंत २७ वेळा एकेक सेकंद जास्त धरावा लागला. तिचा अक्षही भोवऱ्यासारखा डुलतो, एका डुलण्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे नक्षत्रांवर बेतलेले आपले महिने ऋतूंच्या मानाने साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये समाधी घेतली. त्यांच्या काळातली आषाढी ऋतूच्या हिशोबाने आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी येत असे. म्हणजे माउलींची आषाढी आणि आपली आषाढी आकाशाच्या काट्यावर तंतोतंत एक नाही. तरी आपण तीच वारी चालतो. वारी म्हणजे पुन्हा येणे, आणि पुन्हा येणारी माणसे तिला धरून ठेवतात.

पृथ्वीही पुन्हा पुन्हा येते. पण तिला न येण्याची मुभा नाही. तिने एक फेरा चुकवायचा म्हटला तरी तिला तो चुकवता येणार नाही, म्हणून तिच्या फेऱ्याला कोणी पुण्य म्हणत नाही. माणसाला चुकवता येते. पाय दुखतात, पोराला ताप येतो, पीक जळते, मन उडते, नात चुकीची चौकट वाचते. हे सगळे असून तो येतो, म्हणून त्याच्या येण्याला मोल आहे. आणि नेमाला मोल आहे ते तो मोडू शकतो म्हणूनच, तर मोडला तेव्हा त्या माणसाशी कसे वागायचे हाही नेमाचाच भाग झाला. एखाद्या रुग्णालयात रात्रभर जागून सकाळी दोन घास खाणारी परिचारिका, अंथरुणावरच्या सासऱ्याला भरवता भरवता स्वतःची एकादशी विसरलेली सून, यांना आपण काय सांगणार? आपला देवच विटेवर का उभा आहे ते आठवा. तो भेटायला आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करत होता. त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. प्रत्यक्ष देवाच्या भेटीची वेळ त्याने चुकवली. देवाने त्याला चूक म्हटले नाही. तो उभा राहिला, आणि आरतीत आपण ज्या युगांचा हिशोब म्हणतो तेवढी युगे उभाच आहे. ज्याने स्वतः वाट पाहिली, तो आजींच्या ४६ मिनिटांचा हिशोब धरून बसेल असे मला वाटत नाही.

मुलाकडून कळल्यावर मी त्याच दिवशी आजींच्या घरी गेलो. काय बोलावे ते सुचत नव्हते. "आजी, माझं चुकलं," एवढे म्हणालो. मनात म्हटले, आता पुंडलिकाची गोष्ट सांगावी, तिथीचे गणित सांगावे. त्यांनी मला बोलू दिले नाही. नातीला म्हणाल्या, "मास्तरांना च्या टाक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्होरली कधी हाय, तेवढं नीट सांगा."

मी दिनदर्शिका उतरवली आणि वर्षाच्या सगळ्या भागवत एकादश्यांच्या चौकटींवर लाल खूण केली. तेव्हापासून दर वर्षी नवी दिनदर्शिका आली की आधी त्यांच्या घरी जाऊन खुणा करतो, मग माझ्या घरी. तुमच्याही आळीत असे कोणी असेल, माउली. दशमीच्या संध्याकाळी जाता जाता त्यांच्या दारात थांबा आणि एवढेच सांगा, "उद्या एकादशी."

राम कृष्ण हरी.